दुसऱ्या टेबलावर गेलेली

आपलं काम संपवून दुसऱ्याच्या टेबलावर मदतीला गेलेल्या मुलीला तुम्ही संघभावनेचे किती गुण द्याल?

माझ्या मैत्रिणीला दहापैकी दोन मिळाले.

विद्यापीठात शेवटच्या सत्रात आमची रोजगारक्षमता चाचणी झाली. संवाद, नेतृत्व, संघभावना, म्हणजे कुठल्याही नोकरीत उपयोगी पडतील अशा कौशल्यांना गुण. ते कमी पडले तर सोमवारी येणाऱ्या कंपनीच्या मुलाखतीला बसता येणार नव्हतं. शिरोळहून रोज एसटीनं येणारी माझी मैत्रीण आठवडाभर धड जेवत नव्हती. नोकरी लागली नाही तर मे महिन्यात लग्न, असं तिच्या घरी ठरलं होतं.

सभागृहात एकेका टेबलाभोवती गट बसवले. रद्दी आणि चिकटपट्टी देऊन सांगितलं, मनोरा उभा करा. तिच्या गटाचा झटक्यात झाला. आमचा कोसळत राहिला. माझ्या हातांना घाम, चिकटपट्टी बोटांनाच चिकटत होती. तेवढ्यात ती येऊन आमच्या मनोऱ्याचा बुडखा धरून बसली.

"सरक जरा. कागद गुंडाळतीस का चपाती लाटतीस?"

त्यांच्या ऊसपट्ट्यात ही रीतच आहे. आपल्या रानातलं आटोपलं की शेजाऱ्याच्या रानात जायचं. पैरा म्हणतात त्याला. स्पर्धा सुरू आहे हे तिला कळत होतं. रिकाम्या हातांनी बसून राहणं जमलं नाही.

कोपऱ्यातल्या परीक्षकांनी काहीच विचारलं नाही. फक्त लिहिलं.

निकाल लागला तशी मी तिला ओढतच त्यांच्याकडे नेलं. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेलं तोंड माझं, गप्प कसं बसणार?

"सर, मदत करणं संघभावनेत येत नाही?"

"स्वतःचा गट सोडला तिने. निकषात तसंच आहे."

"आमचं झालंतं की, सर," ती पुटपुटली. "त्यांचं ऱ्हायलंतं."

"कंपनीत असं करशील?"

मला मात्र सहा गुण होते, आमचा मनोरा उभा राहिला म्हणून!

फेरविचाराचा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. सोमवारी ती इस्त्रीचा ड्रेस घालून आली आणि दिवसभर व्हरांड्यात बसली, कुणी हाक मारेल म्हणून. मी आत प्रश्नांची उत्तरं देत होते आणि सारं लक्ष दाराकडे. कुणीच हाक मारली नाही. आता मे तोंडावर आलाय. तिचा फोन आला की लग्नाची तारीख ठरली असेल, असंच आधी वाटतं.

तुमच्यापैकी कुणी अशा सभागृहात परीक्षक म्हणून बसणार असेल, तर एवढं करा. आकडा लिहिण्याआधी उठा, त्या टेबलापाशी जा आणि विचारा, "तू असं का केलंस?" उत्तर पुरतं ऐका. मगच लिहा.