साहेबाचा पट्टा

मोजणीचा धंदा शिकायचा तर आधी उमेदवारी करावी लागे, आणि माझी उमेदवारी म्हणजे उस्तादांच्या मागे फीत धरून पळणं. उस्ताद निजामाच्या काळापासून जालन्यात जमिनी मोजत आलेले. निजाम गेला, उस्ताद राहिले. मुंबईची एक विलायती कंपनी इथलं कापसाचं गोदाम विकत घेणार होती आणि मोजणी उस्तादांकडे आली. ती पसंत पडली तर कंपनीने मला मुंबईच्या कचेरीत शिकायला घ्यावं, असं त्यांनी ठरवून घेतलं. नाही पडली तर राजूरला मामाच्या दुकानात गणपतीचे नारळ विकायचे, असं वडिलांनी ठरवलं. मला नारळांचा मनापासून राग होता.

गोदामाचे मालक जैन शेठ. देवाचा कोनाडा गोदामातच होता, म्हणून आत चामडं आणायचं नाही असा त्यांचा दंडक. पलीकडच्या शेडमध्ये सरकी काढायची यंत्रं चामड्याच्याच पट्ट्यांवर धडधडत. शेठ तिकडे पाठ करून बसत. आमच्या फितीची डबी चामड्याची. ती दारात राहिली आणि कवळाभर मोकळी फीत पोटाशी धरून मी आत शिरलो. ती माझ्या पायांत अडकली, हमालांच्या पायांत अडकली, एकदा शेठच्या चहातही बुडाली. तरी मापं मी चोख घेतली. त्याबद्दल आजही मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

पुढच्या आठवड्यात पडताळणीला कंपनीचा गोरा साहेब आला. शेठनी हात जोडले.

"साहेब, बूट भाईर काढा. पट्टा बी."

उस्तादांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब सभ्य माणूस. त्याने मुकाट्याने बूट काढले, पट्टा दारच्या खिळ्याला अडकवला. त्याची पाटलोण मात्र पट्ट्याच्याच भरवशावर होती. एका हाताने ती आणि दुसऱ्या हाताने फितीचं टोक धरून तो भिंतीशी उभा राहिला. मी समोरच्या भिंतीकडे फीत ताणत निघालो आणि पाटलोण घसरली. साहेबाचे दोन्ही हात तिकडे गेले. आम्ही सगळे छताकडे बघू लागलो. त्याने पुन्हा टोक धरलं खरं, पण भिंतीपासून चांगलं हातभर पुढे.

गोदाम माझ्या मापापेक्षा आखूड भरलं. शेठचा चहा पिऊन पोराने माप फुगवलं, असं साहेब म्हणाला. मला ते मराठीत सांगताना उस्तादांची मान खाली गेली आणि माझं डोकं फिरलं.

"त्यांना सांगा, टोक त्यांच्याच हातून सुटल्तं!"

"कसं सुटलं म्हणले तर?"

"मंग तेबी सांगा!"

"साहेबाची पाटलोण घसरली, हे मी साहेबाला सांगू? बिलकुल न्हाई."

मला इंग्रजी येत नव्हतं. मग मी भिंतीशी उभा राहिलो आणि सगळं करूनच दाखवलं: टोक धरणं, घसरणं, दचकणं, दोन्ही हात. हमाल खो खो हसले. साहेब कानापर्यंत लाल झाला. मला डोळ्यांसमोर नारळ दिसू लागले.

आता बिघडायचं काही उरलं नव्हतं. कोपऱ्यात पडलेली सुतळी उचलून मी साहेबापुढे धरली. त्याने ती कमरेला बांधली, टोक भिंतीला टेकवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. उस्तादांनी आकडा वाचला. माझाच होता.

साहेब दोन शब्द बोलला, बूट घातले आणि मोटारीत बसून गेला.

"मुंबईला बोलावलंय तुला," उस्ताद म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं.

"आरं, रडून काय राह्यला? ते उचला आधी माझ्या दारातून!" शेठ ओरडले. पट्टा खिळ्यालाच लटकत होता.

उस्तादांनी तो माझ्या हातात दिला. "घेऊन जा. पण कचेरीत शिरताना इचार, आत चामडं चालतं का."

मुंबईला पोचल्यावर मी खरंच विचारलं. दारवान पोट धरून हसला. साहेब हसला नाही. त्याने पट्टा घेतला, टेबलाचा खण उघडला आणि नीट गुंडाळून ठेवलेली सुतळी मला परत दिली.