विहिरीवरचा तेरडा आणि राजश्रीवहिनींचं मशीन

राजश्रीवहिनी मशीन घेऊन निघाल्या की वाडीतली कुत्रीसुद्धा बाजूला होतात. साडीच्या आत नवऱ्याची, म्हणजे दत्तारामभाऊंची, जुनी खाकी पँट, पायात गमबूट, डोळ्यांवर प्लास्टिकचा मोठा चष्मा, कानांत कापसाचे बोळे आणि खांद्याच्या पट्ट्याला लटकलेलं ग्रासकटर.

"गवत कापायला नाय, चंद्रावर चाललीय ही," असं दत्तारामभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

खरं तर मशीन भाऊंचंच. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ते हौसेनं महाडहून आणलं आणि पहिल्याच दिवशी हाफ चड्डी नि स्लिपरवर परसात उतरले. मशीनच्या टोकाला गरगरणारी नायलॉनची तार असते. तिनं एक खडा असा उडवला की भाऊंच्या नडगीवर सुपारीएवढं टेंगूळ आलं.

"तीस वर्षं आंबेनळी घाट चालवलाय मी," ते विव्हळत म्हणाले.

"घाटात दगड वरून येतो. हा खालून आला," असं म्हणून वहिनी मशीनबरोबरची पुस्तिका घेऊन बसल्या. अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई. हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवणार नाही. पोथीसारखी त्यांनी ती पुस्तिका वाचली आणि मशीन त्यांचं झालं ते झालंच.

तेव्हापासून वाडीतल्या देवळाचं आवार, शाळेची वाट, सगळं त्याच कापतात. आधी अख्खी जागा पायांनी फिरायची. दगड, करवंट्या, काटक्या, चिंध्या, तारेचे तुकडे, जे जे उडेल किंवा गुंडाळलं जाईल ते वेचून एका कडेला. मग माणसं आणि कोंबड्या लांब. मग ग्रामदेवी काळकाईचं नाव घेऊन दोरी ओढायची. उंच गवत एका झटक्यात भुईसपाट करायचं नाही, आधी वरचा शेंडा, मग खालचं. तारेचं टोकच कापतं, म्हणून तार गवतात खुपसायची नाही. आणि गवत गुंडाळलं तर मशीन बंद केल्याशिवाय बोट लावायचं नाही.

एक नियम मात्र पुस्तिकेपेक्षा जास्त त्यांच्या जिवाला लागला होता. पहिल्या वर्षी चिकूच्या कलमाला तार घासली. साल गोल सोलली गेली आणि शिमग्यापर्यंत झाड वाळून काठी झालं. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. आता कुठल्याही रोपाभोवती वीतभर गवत सोडतात आणि मागाहून विळ्यानं काढतात. त्यावरही भाऊंची टीका असतेच. "न्हाव्यानं कानामागची केसं ठेवावी, तसं हाय तुझं."

विहिरीवर मात्र मशीनला मज्जाव होता. तो बयाबाईंचा. बयाबाई म्हणजे वहिनींच्या चुलत सासूबाई, वय ऐंशीच्या पुढं. गणपतीत वाडीतल्या सातही घरांची गवर याच विहिरीवरून येते. गवर म्हणजे तेरडा, तोही मुळासकट, कारण मुळं हे गवरीचे पाय. वहिनींनी दोन महिने विनवण्या केल्या. वाट कमरेएवढ्या गवतात गेलीय, जनावर निघेल, तुम्ही पडाल. शेवटी बयाबाई म्हणाल्या, "काप. पन माझ्या तेरड्याला धक्का लागला, तर ते यंत्र परत हितं दिसता नये."

पाऊस काही उसंत देईना. अखेर गवर आणायच्या दिवशी सकाळी जरा उघडीप मिळाली आणि वहिनी विहिरीवर पोचल्या. नेमानं जागा फिरल्या. दगड वेचले. गवतात चार काठ्या रोवलेल्या सापडल्या, प्रत्येकीला लाल चिंधी. चिंधी तारेला गुंडाळली की मशीन बसलंच. काठ्या उपटल्या, दगडांच्या ढिगावर नीट रचल्या. मग काळकाईचं नाव घेतलं.

काम झकास चाललं होतं. बारीक भुरभुर आली, चष्म्यावर वाफ धरली, तरी कमरेतून वळत वळत वहिनी पुढं सरकत होत्या. मग गमबुटांवर लालसर, रसाळ तुकडे उडाले. गवताला असा रस नसतो. त्यांनी मशीन बंद केलं आणि चष्मा वर केला. यंदा तेरड्याला अजून फूल नव्हतं. गवतात तो लपून होता. चार काठ्यांच्या मधोमध.

चहा घेऊन आलेल्या भाऊंनी एकदा जमिनीकडं, एकदा काठ्यांकडं पाहिलं. "काठ्या कुनी काढल्या?"

"मी. जागा साफ केल्याशिवाय मशीन चालवायचं नसतं."

"म्हंजे बयाकाकीनं खूण केली आनि तू ती वेचलीस."

एवढ्यात बयाबाई कापलेल्या वाटेनं काठी टेकत येताना दिसल्या. वहिनींनी कानांतला कापूस काढला. लपवायचं तर काय आणि कुठं.

"काकी, माझ्या हातून तेरडा गेला. तुमच्या काठ्या मला कचरा वाटल्या."

बयाबाई वाकल्या. कापलेल्या बुंध्यांवरून हात फिरवला. "पाय हायेत," त्या म्हणाल्या. "वर गवर नाय."

"डोंगरावरून आणते मी. आत्ता जाते."

"डोंगरावरचा तेरडा डोंगराचा. पान्यावरची गवर पान्यावरचीच लागते गो. सात घरांना काय सांगू मी?"

वहिनींनी पट्टा खांद्यावरून उतरवला आणि मशीन जमिनीवर ठेवलं. आता ते पुन्हा उचलायचं नाही, असं मनाशी ठरवूनच.

भाऊ तोवर लांब जाऊन उभे होते. विहिरीच्या पलीकडं चार सुपारीची रोपं आणि आंब्याचं एक कलम आहे. तिथून त्यांनी हाक मारली, "काकी, ही कानामागची केसं बगा जरा."

प्रत्येक रोपाभोवती वीतभर गवत उभं होतं. त्या गवतात, बुंध्यांना खेटून, तेरडा. वहिनी गुडघ्यांवर बसून मोजत गेल्या. कुठं दोन, कुठं तीन. अकरा निघाले. त्यांनी मनातल्या मनात काळकाईला हात जोडले आणि त्या वाळलेल्या चिकूलाही.

बयाबाईंनी अकराही स्वतः मोजले. मग म्हणाल्या, "पुढल्या सालाला मशीन लावायच्या आधी मला बोलव. काठ्या मी काढीन, नि तेरडा कुठं हाय ते दावीन."

"मशीन चालेल ना मग?"

"वाट बरी केलीस. मी कुनाचा हात न धरता आले, ते दिसलं नाय तुला?"

संध्याकाळी तेरडा मुळासकट काढून, धुऊन, हळदकुंकू लावून वहिनींनी घरी आणला. बयाबाईंनी उंबऱ्यात अडवून रीतीप्रमाणं विचारलं, "गवर आली, कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

"गमबुटाच्या," मागून भाऊ पुटपुटले.

बयाबाईंनी वळून पाहिलं. भाऊ चहा टाकायला आत गेले.