कोपराची खूण

नसरापूरच्या आमच्या शाळेत समूहगीत शिकवणाऱ्या बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या, "सगळ्यांनी एकदम दम घेतला की गाण्याला भोक पडतं." म्हणून त्यांनी आमच्या जोड्या लावल्या होत्या. लांब सुरावर दम संपत आला की शेजारणीला कोपरानं हलकंसं ढोसायचं. म्हणजे, तू धर, मी दम घेते. मग तिचा संपत आला की तिनं ढोसायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, या पोरींना फुफ्फुसं आहेत की लोहाराचे भाते!

माझी जोडीदारीण वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरची, मावशीकडे राहून शिकायची. रानात शेरडांना हाका मारून तिचा आवाज असा खणखणीत झाला होता की बाई तिला मागच्या रांगेत उभं करायच्या, आणि तिच्यापायी मलाही. पुढं उभं राहून फोटोत यायची माझी हौस तिथंच बुडाली. मी फुरंगटले तर म्हणाली, "फोटूत दिसून काय करायचंय? हितं मागं किती झ्याक ऐकू येतंय बघ."

खरंच झ्याक यायचं. समोर नुसत्या वेण्या आणि रिबिनी, आणि आवाज सगळीकडून. त्यात माझा कुठला आणि तिचा कुठला, कळायचं नाही. माझा आवाज तसा बेताचाच, पण त्या सगळ्यांत मिसळला की मला फार आवडायचा. एकटीनं गाताना तो तसा कधीच लागला नाही.

भोरला तालुक्याच्या स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. बाई नाराज होत्या. आम्ही मात्र डेपोजवळ भेळ खाल्ली आणि परतीच्या एसटीत तेच गाणं पुन्हा सुरू केलं. शेवटचा सूर सोडायचा नाही, असं आम्हा दोघींचं ठरलं. ती ढोसायची, मी धरायची; मी ढोसायची, ती धरायची. कामथडी मागं पडली तरी सूर चालूच. शेवटी कंडक्टरनं हात जोडले, "पोरींनो, नसरापूर आलं. आता तरी खाली ठेवा ते गाणं."

दहावीनंतर ती वाड्यावर परत गेली आणि लग्न होऊन आणखी वर डोंगरात. मी पुण्यात. आता माझं गाणं फक्त स्वयंपाकघरात. लांब सुरावर दम संपतो, सूर तुटतो. धरायला कुणी नसतं.

यंदा शाळेनं जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं. "ती येती म्हणलीय," एका वर्गमैत्रिणीनं फोनवर सांगितलं, आणि मी आठवडाभर भांडी घासताना रियाज केला. नवरा हसला. हसू दे. मला फक्त तिच्या शेजारी उभं राहून तो एक सूर धरायचा होता.

ती आली नाही. "शेरडं टाकून कशी यील? घरात दुसरं कुणी न्हाई," वर्गमैत्रीण म्हणाली.

आमचं ते स्पर्धेचं गाणं पुढं शाळेत रोजचंच झालं होतं. कार्यक्रमाच्या शेवटी ते म्हणायला सगळे उभे राहिले. मी सवयीनं मागच्या रांगेत गेले. शेजारी आमच्या खूप नंतरच्या तुकडीतली एक अनोळखी बाई होती. सूर लांबला, माझा दम संपत आला, आणि कोपर आपसूक तिला लागलं.

"व्हय की ताई, ऐसपैस उभ्या ऱ्हावा," ती गाणं थांबवून म्हणाली, आणि हसून बाजूला सरकली.