आटपाडीच्या रस्त्यावरचे वड

मंडळी, आज सकाळी आमच्या आटपाडीच्या रस्त्यावरचे वड तोडायला माणसं आली. कळताच मी पळत गेलो आणि झाडाला पाठ लावून उभा राहिलो.

मुकादम म्हणाला, "आवं आजोबा, वय झालं तुमचं. घरी जावा."

मी म्हणालो, "बहात्तरच्या दुष्काळातबी हे वड तोडाय निघालं हुतं. तवा मी फौजेतनं रजेवर आलो हुतो. इथनं सांगलीपतुर पळत गेलो. बुटात रक्त साचलं, तरी कलेक्टर साहेबाच्या दारात जाऊन बसलो. तोड थांबली. तवापास्नं झाडांसाठी पळतोयच."

तो हसला. "आता कुठवर पळणार?"

"तुमी थकस्तवर."

मी झाडापासून हललो नाही, तेव्हा माणसं परत गेली, पण उद्या पुन्हा येणार असं मुकादम सांगून गेला. मीही येणार. तुमच्या गावात झाडांसाठी कोण उभं राहतं?