सुशीची अर्धी जागा

परवा घरच्या कपाटाला पॉलिश झालं आणि त्या वासासरशी मी, पन्नाशीची बाई, ठाण्याच्या शाळेतल्या बाकावर जाऊन बसले.

बाक एकच होता. सरकारी मदतीतून आलेले बाक नगरपालिकेने सगळ्या शाळांना सारखे वाटले, तेव्हा आमच्या वर्गाच्या वाट्याला तेवढाच आला. बाकीच्या मुली तरटावर. आमच्या बाईंनी त्यातही न्याय केला, रोज दोघींची पाळी लावली. माझी जोडीदारीण सुशी. आठवडाभर आम्ही दुसरं काही बोललोच नव्हतो.

पाळीच्या दिवशी मी वेणीत अबोली माळून हजर आणि सुशी गैरहजर! आता तो बाक मी एकटीनेही भरला असता; तेव्हा मात्र मखरातल्या गौरीसारखी, पाय लोंबकळत, एका कडेला बसले. खाली मुली चिंचोके वाटून खात खुसखुसत होत्या. वर एकही चिंचोका आला नाही.

"बाई, सुशीच्या जागी मी बसू?" शकूने विचारलं.

"पाळी म्हणजे पाळी. ती उशिरा आली तर?"

"नाही यायची, बाई. तिच्या वडिलांनी तिला फीच्या शाळेत घातलंय. तिथे सगळ्यांना रोज बाक असतो."

बाईंनी आमच्या एकुलत्या एक बाकाकडे पाहिलं. त्यांचं ते पाहणं आज मला समजतं. तेव्हा एवढंच समजलं, की सुशीने मला सांगितलंसुद्धा नाही.

"मग बस गं शकू," बाई म्हणाल्या.

मी शेजारच्या जागेवर माझं दप्तर ठेवलं आणि त्यावर हात दाबून बसून राहिले.