पौषातली मोई

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिलीने काढलेली एक बारीक फुली होती. त्या फुलीवर कॅमेऱ्याचा छोटा स्टँड ठेवायचा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, समोरच्या झाडाचा एक फोटो काढायचा, असं मी अकरा वर्षं केलं. जागा तीच, उंची तीच, चौकट तीच. बदलायचं ते झाडाने. खडकीच्या कारखान्यात मी जन्मभर ड्राफ्ट्समन होतो. एक रेघ केसभर सरकली तरी माझा दिवस नासायचा. अशा माणसाने निवृत्तीनंतर छंद लावून घेतला तर तो असलाच असणार.

झाड मोईचं होतं. हे नाव सांगितलं की सोसायटीतले लोक माझ्याकडे संशयाने बघत. वडाला निदान वर्षातून एकदा दोरे गुंडाळतात, आंब्याला दगड तरी मारतात. मोईकडे कोणाचं काही कामच नसतं. टेकडीवर उगवणारं, करड्या सालीचं, आडदांड झाड. आमची इमारत कालव्याच्या कडेला उभी राहिली त्याच्या आधीपासून ते तिथे होतं आणि बिल्डरच्या नकाशात ते चुकून कुंपणाच्या आत आलं म्हणून राहिलं.

या झाडाची एक खोड होती. मार्गशीर्ष लागला की ते सगळी पानं टाकून द्यायचं आणि वैशाख सरेपर्यंत तसंच उघडंबोडकं उभं राहायचं. वर्षातले पाच-सहा महिने बघणाऱ्याला वाटावं की हे गेलं. माघात फांद्यांच्या टोकांना दोऱ्यासारख्या लोंबणाऱ्या माळा यायच्या, त्यांवर मुगाएवढी हिरवट-जांभळी फुलं. खालून दिसायचीसुद्धा नाहीत. शिंजीर पक्षी मात्र बरोबर हजर व्हायचे. मग जेठाच्या तोंडावर एका आठवड्यात सगळं झाड पोपटी. दर वर्षी मला वाटायचं, यंदा काही खरं नाही, आणि दर वर्षी माझी पत्नी म्हणायची, "थांबा हो जरा. तुमच्यासारखंच आहे ते. उठायला वेळ लागतो."

खरं तर झाड तिचंच होतं. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. एकाची शस्त्रक्रिया केली, ती म्हणावी तशी जमली नाही. दुसऱ्याची तिने करूच दिली नाही. तिसऱ्या मजल्यावरून ती खाली उतरते ती दवाखान्यात जायला. बाकी बाहेरचं जग म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी आणि खिडकीतली मोई. भाजी निवडताना, चहा घेताना, पेपर वाचताना तिची खुर्ची तिथेच. "अहो, तांबट आलाय फांदीवर." "अहो, त्या डाव्या फांदीला फुटवा दिसतोय." मी कॅमेरा घेऊन धावायचो. पाहायची ती, फोटो काढायचो मी, आणि कौतुक व्हायचं माझं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी काही बोललो नाही, कारण कौतुक कोणाला नको असतं?

हे कौतुक मुख्यतः सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हायचं. मी फोटोखाली मराठी महिन्याचं नाव टाकायचो आणि उजव्या कोपऱ्यात माझी वळणदार सही. आषाढ. भाद्रपद. पौष. लोक अंगठे दाखवायचे, हात जोडायचे. छत्तीस बिऱ्हाडांपैकी किती जणांनी फोटो उघडून पाहिला असेल, देव जाणे. वर्षभरापूर्वी मी ग्रुपवर सुचवलं होतं की या बारा फोटोंचं सोसायटीसाठी कॅलेंडर छापू या. त्यावरही अंगठे आले. कॅलेंडर आलं नाही.

म्हणून गेल्या पौषात सोसायटीचे सचिव लिफ्टपाशी भेटले आणि त्यांनी विषय काढला तेव्हा मी फुललो. सचिव म्हणजे चाळिशीतले, हिंजवडीत नोकरी करणारे गृहस्थ. बोलणं अतिशय गोड. "काका, तुमचा तो पानं नसलेला फोटो आहे ना, झाडाचा? तो हाय-रेझमध्ये मेल कराल का प्लीज? सोसायटीच्या कामाला हवाय."

"कॅलेंडरसाठी का?" असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ठरवूनच टाकलं. घरी आलो, त्याच सकाळी काढलेला फोटो उघडला आणि मला वाटलं, छापायचा आहे तर जरा दमदार करू. मी तो कृष्णधवल केला. सालीवरची शेवाळाची हिरवी झाक गेली. फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे बारीक तांबूस फुगवटे होते, तेही गेले. एका फांदीवर तांबट बसला होता; तो चौकटीच्या अगदी कडेला येत होता, म्हणून कापला. राहिलं ते काळंभोर, खडखडीत, आभाळाला बोटं लावून उभं असलेलं झाड. मी पत्नीला दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यासारखं दिसतंय." मी म्हणालो, "तुला कृष्णधवल कळत नाही." आणि पाठवून दिला.

माघात मोईच्या खोडाला सुतळीने एक कागद बांधलेला दिसला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. पत्नीने खिडकीतून पहिल्याच दिवशी पाहिला. "अहो, झाडाला कसला कागद बांधलाय? बघा ना जरा." मी म्हणालो, असेल कसली तरी जाहिरात. पेइंग गेस्ट हवेत, गणिताचे क्लास, पोळ्यांना बाई. आमच्या भागात झाडं याच कामासाठी आहेत अशी समजूत आहे. दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, हो, बघतो.

आणि मी रोज त्या झाडाखाली जात होतो! ते फुलांचे दिवस होते. मी रोज सकाळी कॅमेरा घेऊन बुंध्याशी उभा असायचो, शिंजिराची वाट बघत, आणि तो पांढरा कागद दर वेळी चौकटीत घुसायचा. मी कालव्याच्या बाजूने फोटो काढायला लागलो. तिथून उजेड चुकीचा यायचा. मग एक दिवस वैतागून मी तो कागद पिशवीसकट वर दुमडला आणि सुतळीत खोचून ठेवला. माझ्या हातात होता तो. माझा वाचायचा चष्मा कपाळावर होता, कारण कॅमेऱ्यातून बघताना तो आड येतो. तो खाली ओढायला किती वेळ लागला असता?

फोटो छान आले त्या दिवशी. कागद मी परत खाली सोडला की नाही, हे मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे आठवायचा.

फाल्गुनात एका सकाळी दहाच्या सुमाराला खाली करवतीच्या यंत्राचा आवाज सुरू झाला. पत्नीने हाक मारली ती माझ्या कानात अजून आहे. ती कधी ओरडत नाही. मी चपला न घालता खाली गेलो, तोवर डावी फांदी जमिनीवर होती, तिच्या टोकांना फुलांच्या माळा तशाच. दोर धरून उभा असलेला माणूस मला म्हणाला, "आजोबा, लांब व्हा, अंगावर यील." मी ओरडलो, झाड जिवंत आहे, फुलं दिसत नाहीत का? त्याने फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमाला सायबांनी सांगितलंय. कागुद हाय त्यांच्याकडं."

कागद खरंच होता. सचिव फाइल घेऊन आले, शांतपणे. "काका, सगळं प्रॉपर प्रोसेसने झालंय. वाळलेलं, डेंजरस झाड म्हणून महापालिकेकडे अर्ज केला होता. नोटीस लावली, एकही ऑब्जेक्शन आलं नाही. तुम्ही तर रोज तिथे असायचात, मला वाटलं तुम्हाला माहीत असणार." त्यांनी फाइल उघडून दाखवली. अर्जाला जोडलेला फोटो माझा होता. कृष्णधवल. खाली 'पौष', आणि उजव्या कोपऱ्यात माझी वळणदार सही.

मी म्हणालो, "मी हा कॅलेंडरसाठी दिला होता."

ते म्हणाले, "मी कॅलेंडर म्हणालो नव्हतो, काका."

नव्हतेच म्हणाले. मला त्या माणसाचा अतोनात राग आला आणि राग ठेवायला जागा मिळेना. त्याने खोटं काय केलं होतं? झाड मेलेलं दिसावं म्हणून कळ्या त्याने पुसल्या नव्हत्या. तांबट त्याने कापला नव्हता. दुपारी दोनपर्यंत मोई संपली. आठवड्याभरात तिथे फरशा बसल्या आणि पिवळ्या पट्ट्या आखल्या. गाड्यांच्या चार जागा झाल्या. ज्यांच्याकडे एक गाडी होती त्यांनी दुसरी घेतली. ग्रुपवर कमिटीचं अभिनंदन झालं, बरेच अंगठे आले. त्यांतले कितीतरी माझ्या आषाढाला आणि भाद्रपदालाही आले होते.

खिडकीतून आता समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्यावर एसीचे डबे. दुपारचं ऊन थेट ओट्यावर येतं. पत्नी मला एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त खुर्ची फिरवली. आता ती भिंतीकडे तोंड करून भाजी निवडते. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं; माझ्याकडे पुष्कळ उत्तरं तयार होती. ती सगळी माझ्याकडेच पडून आहेत.

मग मी एक मूर्खपणा केला. माघातले सगळे फोटो उघडून बसलो. चांगले निघालेले नव्हे, टाकून दिलेले. शिंजीर उडून गेल्यावर चुकून बटन दाबल्याने निघालेल्या त्यांतल्या एका फोटोत कागद पूर्ण दिसत होता. मोठा करून पाहिला. माझा कॅमेरा चांगला आहे. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं: सदर वृक्ष तोडण्याबाबत कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावे. हरकत! अकरा वर्षांचे पुरावे तारीखवार, महिनावार लावून ठेवलेला या शहरातला एकमेव माणूस मी. दर पौषात मेलेलं झाड दर जेठात जिवंत होतं, हे मी एका कागदावर बारा फोटो चिकटवून सिद्ध केलं असतं. महापालिकेच्या साहेबांना चहा थंड व्हायच्या आत पटलं असतं. मी त्या वेळी उजेडाचा कोन बघत होतो.

जेठात एक दिवस मी कचरा टाकायला मागच्या बाजूला गेलो. मोईचे ओंडके तिथे कुंपणाला रचून ठेवले होते. कोणी न्यायलाच आलं नव्हतं. वरच्या ओंडक्याला, साल जिथे फाटली होती तिथून, पोपटी पानं फुटली होती. बोटभर लांब, चकचकीत. ना मूळ, ना माती, पण वेळ मात्र बरोबर पाळली होती. मी वर जाऊन कॅमेरा घेऊन आलो. मग सवयीने फोटो काढला. रंगीत. ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'ज्येष्ठ. वाळलेलं झाड.' मला वाटलं, कोणाला तरी लाज वाटेल. पाच-सात अंगठे आले. सचिवांनी लिहिलं, 'सुपर क्लिक, काका!'

मी वर आलो आणि कॅमेरा पत्नीपुढे धरला. म्हणालो, "बघ, फुटलंय." माझा आवाज, मला वाटतं, आशेने भरलेला होता. तिने हातातली गवार खाली ठेवली, चष्मा नीट केला आणि बराच वेळ पाहिलं. मग कॅमेरा मला परत दिला.

"नीट बघितलंत ना," ती म्हणाली, "कुठे काही लिहून लावलेलं नाही ना?"

एवढंच. पुन्हा गवार निवडायला लागली.

पुढचा रविवार महिन्यातला पहिला होता. कशाचा फोटो काढायचा होता मला, मला माहीत नाही. भिंतीचा असेल. सवय होती. आठ वाजता स्टँड घेऊन मी खिडकीशी गेलो आणि फुली शोधायला लागलो. अकरा वर्षं रोज ओटा आणि कट्टा पुसताना पत्नी त्या फुलीला वळसा घालायची. फडकं कडेकडेने फिरवायची, की माझी जागा चुकू नये. कट्टा आता स्वच्छ होता. कोपऱ्यात फडकं वाळत घातलं होतं, अजून ओलं. मी स्टँड दोन ठिकाणी ठेवून पाहिला, जागा काही जमेना. पत्नी माझ्याकडे पाठ करून बसली होती, आणि मी विचारलं नाही.