दौंडची गाडी कुर्डुवाडीला

दौंडला जाणारी पॅसेंजर अजून बारामतीत आलीच नव्हती. घड्याळात सव्वाचार झाले होते. दौंडहून हैदराबादकडे जाणारी एक्सप्रेस पाचला सुटणार होती. माझ्या दुकानात शेळगावचे तात्या आणि त्यांची मुलगी स्वाती स्टेशनवरून परत येऊन उभे होते. एक्सप्रेसचं तिकीट मी काढून दिलेलं होतं.

बारामतीत माझं रेल्वे बुकिंगचं छोटं दुकान आहे. स्वातीला हैदराबादच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. न गेल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, असं पत्रात लिहिलेलं होतं.

"दौंडवाले थांबवतील की गाडी," तात्या म्हणाले. "त्यांस्नी ठावं हाय, बारामतीची माणसं येत्यात."

ही आमच्याकडची जुनी समजूत. बारामतीची गाडी दौंडला पोचेपर्यंत मोठी गाडी थांबते, असं लोक धरून चालतात. पण ती कोणासाठी थांबत नाही. बारामतीपासून एकच सलग तिकीट असेल, तर पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली हे रेल्वे निदान मान्य करते आणि उरलेल्या प्रवासाचे पैसे परत देते. दोन वेगळी तिकिटं असली की तेही नाही. दुसरी गाडी वेळेवर सुटली आणि तुम्ही आला नाहीत, एवढीच नोंद होते.

हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. तरी मी स्वातीला दौंडपासूनचं तिकीट दिलं. माझी बायको समोरच्या खुर्चीत बसून फॉर्म तपासायची. मी तिकीट काढायच्या आधी ती प्रत्येकाला विचारायची, "गाडीपर्यंत कसे पोचणार?" स्वाती तिकिटाला आली तेव्हा बायकोला जाऊन तीन आठवडे झाले होते. मी दुकान उघडत होतो, तिकिटं काढत होतो. तो प्रश्न विचारायचा आता मला आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"गाडीनं दौंड गाठू," तात्या म्हणाले. त्यांचा भाजीचा पिकअप बाहेर उभा होता.

"पाचच्या आत नाही पोचणार. कुर्डुवाडीला जाऊ."

"कुर्डुवाडी? उलटीकडं?"

"एक्सप्रेस तिकडंच येते. भिगवणला ती थांबत नाही, कुर्डुवाडीला साडेसहाला थांबते. इंदापूर, टेंभुर्णी करत आपण दोन तासांत पोचू."

"मग चला की. तुमी कशाला येताय पण, वसंतराव?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो आणि शटर ओढलं.

पुढं तिघं दाटीनं बसलो. मागं रिकाम्या क्रेटचा खडखडाट. आता दुसरा प्रश्न होता. प्रवासी दौंडला चढला नाही, तर टीसी त्याचा बर्थ आरएसीवाल्याला देतो. आरएसी म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसायचं तिकीट. असे लोक रिकाम्या बर्थवर डोळा ठेवूनच असतात. हेल्पलाइनला फोन केला. बोर्डिंग स्टेशन आता बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

मी वही उघडली. कोणाला कोणत्या गाडीचं तिकीट दिलं, हे मी अजून हातानं लिहितो. त्याच गाडीत, त्याच डब्यात नलिनी मॅडम होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पुण्याहून बसलेल्या. त्यांना फोन लावला.

"मॅडम, दौंड गेलं की सव्वीस नंबरचा बर्थ रिकामा राहील."

"मग मी दोन जागांवर झोपू?"

"टीसीला सांगा, त्या बर्थची मुलगी कुर्डुवाडीला चढतेय."

"तिकीट कोणी काढलं?"

"मी."

"म्हणजे घोळ तुमचा."

"हो."

"हं. मुलीचं नाव सांगा."

शेळगावचा फाटा आला. स्वाती खिडकीतून वाकून बघायला लागली. "आई थांब्यावर असंल का, तात्या?"

"असली तरी थांबायचं न्हाय. हात कर लांबनंच."

आई नव्हती. स्वातीनं तरीही हात केला.

इंदापूर मागं पडलं तेव्हा मॅडमचा फोन आला. पण बोलत टीसी होते.

"कोण तुम्ही? बोर्डिंग दौंड आहे. माझ्याकडे चार आरएसीवाले उभे आहेत."

"कुर्डुवाडीपर्यंत थांबा, साहेब. मुलीची उद्या नोकरीची हजेरी आहे."

"आणि तिथंही नाही आली तर?"

"तर द्या कोणालाही. मी परत फोन करणार नाही."

मागून मॅडमचा आवाज आला, "सव्वीसवर मी बसलेय. मला उठवून बघा."

टीसी म्हणाले, "कुर्डुवाडी. तिथून गाडी हलली की संपलं."

टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एकीमागं एक, सहा. समोरून ट्रक. तात्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. "आरं सरक की बाबा, तुझा ऊस काय नोकरीला निघालाय व्हय!" स्वाती पोटाशी कागदांची फाइल धरून बसली होती. मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

स्टेशनबाहेर उतरलो तर गाडी फलाटाला लागलेली. स्वाती डब्यांचे नंबर वाचत पळायला लागली.

"डबा शोधू नकोस!" मी ओरडलो. "समोरचा धर, आतून जा!"

ती चढली. तात्यांनी बॅगा आत ढकलल्या. दुसरी बॅग दारात असतानाच गाडी हलली. दहा मिनिटांनी मॅडमचा मेसेज आला: मुलगी पोचली, घामाघूम आहे, मी माझ्या जागेवर गेले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला स्वातीचा फोन आला. कागद तपासून झाले होते, संध्याकाळपासून ड्युटी होती.

आता दौंडला गाडी बदलायची असेल, तर मी सलग तिकीटच काढतो आणि बारामतीहून सकाळचीच पॅसेंजर धरायला सांगतो. लोक कुरकुरतात. परवा सांगवीचे एक आबा म्हणाले, "चार-पाच तास दौंडला काय करायचं आमी?"

"बसायचं," मी म्हणालो.